आधी सरळ, मग सुंदर

श्रावणातली रात्र. भिलाईहून एक बारसं आटोपून आम्ही रायपूरला परतत होतो. पावसाळ्यात इथल्या रस्त्यांवर काय असतं ते रायपूरकरांना सांगायला नको. चिखल आणि माश्या चुकवायला गुरं डांबरी रस्त्याच्या मधोमध ठाण मांडून बसतात. टाटीबंधच्या अलीकडे अंधारात काळी गाय अचानक दिसली. ह्यांनी स्टिअरिंग फिरवलं आणि आमची १२ वर्षांची वॅगन आर दुभाजकावर आदळली. सगळ्यांनी पट्टे लावले होते म्हणून कुणाला खरचटलंही नाही. गाय तर जागची हललीसुद्धा नाही.

गाडीचं डावं तोंड मात्र चेपलं. बंपर फाटला, दिवा फुटला, बॉनेटला घडी पडली, रेडिएटरमधून पाणी गळू लागलं. हे म्हणाले, "हळूहळू चालवत घरी नेऊ." मी नको म्हटलं. पाणी नसताना इंजिन तापलं, तर हेड वाकतं आणि मग नुसत्या पत्र्याचा खर्च इंजिनापर्यंत जातो. टोचन करून आणायला १,२०० रुपये लागले. सगळ्या खर्चात तेच पैसे सर्वांत सत्कारणी लागले असं मी आजही म्हणते.

दुसऱ्या दिवशी विम्याचा कागद काढला. गाडी जुनी म्हणून दोन वर्षांपासून आम्ही फक्त थर्ड पार्टी विमा भरत होतो. तो कायद्याने सक्तीचा आहे, पण तो समोरच्याच्या नुकसानीसाठी. आपल्या गाडीला त्यातून एक रुपयाही मिळत नाही. ज्यांचा पूर्ण विमा आहे त्यांनीही एक लक्षात ठेवावं. जुन्या गाडीच्या प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि गाडी १० वर्षांवरची असेल तर धातूच्या भागांवरही ५० टक्के. शिवाय क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो. छोट्या नुकसानीत आधी हे गणित मांडावं.

मोठ्या वर्कशॉपने अंदाज दिला ७४,००० रुपये. मुलीची फी नुकतीच भरली होती. हाताशी होते ३५,०००. विकायची म्हटलं तर आहे त्या अवस्थेत ४५,००० च्या वर कुणी बोलेना. पण आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाच झाला होता. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यायचं, आणि रिक्षात त्यांना पाय दुमडता येत नव्हता. ४५,००० मध्ये दुसरी धड गाडी कुठून आणणार?

शेवटी ओळखीतल्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. बाबांचा पहिला प्रश्न, "रंग पहिल्यासारखा होईल ना?" ही गाडी त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. मिस्त्री हसून म्हणाला, "पहिली गाडी ल सोझ करन दव बाबूजी, रंग-रोगन पाछू." आधी गाडी सरळ तर होऊ दे, रंगाचं नंतर बघू.

त्याने बंपर, दिवा, बॉनेट उतरवलं आणि टेप काढला. इंजिनाच्या खोलीचे दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही मापं जुळली की सांगाडा बराचसा शाबूत. आपल्या छोट्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते; शरीर हाच सांगाडा. म्हणून हे माप रंगापेक्षा महत्त्वाचं. आमच्या गाडीत फरक थोडा निघाला, तो ओढून काढता आला. त्याचा नियम सोपा होता: पत्रा नुसता वाकला असेल तर सरळ करायचा, पण सांगाड्याच्या भागाला घडी पडून मोडला असेल तर बदलायचा. दाराजवळचा खांब मुरगळला असता तर, "मी हात लावला नसता," असं तो स्पष्ट म्हणाला.

मग वहीत तीन रकाने आखले.

पहिला, नवंच घ्यायचं: रेडिएटर, त्याचा पंखा, वाकलेला लोअर आर्म, टायरॉड एंड आणि ज्या पट्ट्याने जोरदार झटका खाल्ला तो चालकाचा सीट बेल्ट. जिवाशी संबंध असलेल्या वस्तूत जुनं घ्यायचं नाही. एअरबॅग फुटलेली गाडी असेल तर ती बदलणंही याच रकान्यात येतं, आणि बहुतेकदा तिथेच बजेट संपतं.

दुसरा, जुनं चालेल: बॉनेट आणि दिवा. दोन्ही भंगारवाल्याकडे मिळाले, तेही बिलासकट. चोरीचा माल आपल्या गाडीला नको. बंपर फेकला नाही, प्लास्टिक वेल्डिंग करून घेतलं.

तिसरा, पुढे ढकलायचं: एसीचा कंडेन्सर आणि रंग. पावसाळा चालू होता, एसीवाचून अडत नव्हतं. पाइपांची तोंडं मात्र घट्ट बंद करून घेतली, आत ओल जाऊ नये म्हणून. रायपूरचा उन्हाळा सुरू व्हायच्या आत, फेब्रुवारीत, ते काम करायचं ठरलं.

पैसे तीन हप्त्यांत दिले, शेवटचा चालवून बघितल्यावर. काढलेले जुने भाग परत मागून घेतले. अलाइनमेंट केलं आणि नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यावर गाडी नेली. सरळ जाताना स्टिअरिंग सरळ राहतं का, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, काटा गरमकडे सरकतो का, हे सगळं तपासलं. महिन्याने टायर पुन्हा पाहिले. एका कडेने झिजत असते तर काम कच्चं राहिलं असं समजलो असतो. एकूण खर्च झाला ३१,४०० रुपये.

आमची गाडी पांढरी आणि भंगारातून आलेलं बॉनेट राखाडी. सोसायटीत मुलं तिला "ढवळी" म्हणू लागली. बाबा दोन दिवस गप्प होते. मी त्यांना वही दाखवली: नोंदणीची १५ वर्षं पूर्ण व्हायला तीन वर्षं आहेत. तेव्हा तपासणी, फी आणि दुरुस्ती पाहून ठरवू, की नूतनीकरण करायचं की नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्यायचं, ज्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते. मग तीन वर्षांसाठी रंगावर १५,००० घालायचे का? त्यांनी वही मिटली, काही बोलले नाहीत.

दसऱ्याला सकाळी मी खाली गेले, तर बाबा गाडी धूत होते. राखाडी बॉनेटवर हळदकुंकू लावून झालं होतं, झेंडूचा हारही घातला होता. आई पुढच्या सीटवर पाय लांब करून बसल्या होत्या, आणि बाबा मला म्हणाले, "नवा पट्टा जरा घट्ट आहे, पण बरा आहे."