तळे राखणार कोण?

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात सीना नदीने सोलापूर जिल्ह्यात जो हाहाकार माजविला, त्याची आठवण करमाळा, माढा, मोहोळ आणि दोन्ही सोलापूर तालुक्यांतील नदीकाठच्या गावांना पुष्कळ वर्षे पुरेल. उभी पिके गेली, जमिनी खरवडून निघाल्या, महामार्गांवरील वाहतूक थांबली, आणि दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात माणसांना होड्यांतून बाहेर काढण्याची वेळ आली. त्यापूर्वी पाचच वर्षे, १४ ऑक्टोबर २०२० रोजी, अशाच अतिवृष्टीने जिल्हा झोडपून काढला होता. नदीच्या पुराविषयी या दोन्ही वेळी बोलले गेले, लिहिले गेले, पंचनामे झाले. परंतु याच पावसाचे पाणी ज्यांच्या पाठीशी तुंबते, त्या ओढ्यानाल्यांवरील लहान मातीच्या धरणांची विचारपूस जितकी व्हावयास हवी होती, तितकी झाली नाही. आज आम्ही त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

या उपेक्षेचे कारण आपल्या स्वभावात आहे. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस आणि तोही लहरी, अशा मुलखात वाढलेल्या माणसाला पाण्याच्या अभावाचे भय असते. साठलेल्या पाण्याचे भय त्याला कोणी शिकविलेले नाही. तळे भरले की आपण नारळ वाहतो, ओटी भरतो. तळे किती भरले, हा प्रश्न आपण रोज विचारतो. बांध किती टिकेल, हा प्रश्न विचारावा असे आपल्याला सुचतही नाही. या जिल्ह्यातील अनेक पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर बांधले गेले. उपाशी माणसांनी टिकाव-फावड्यांनी घातलेले ते भराव आहेत. त्यांनी गावोगावच्या विहिरींना पाणी दिले, हे ऋण आम्ही विसरत नाही. परंतु त्या बांधांनाही आता अर्धे शतक होत आले आहे, आणि म्हाताऱ्या माणसाप्रमाणे म्हाताऱ्या बांधाचीही प्रकृती अधूनमधून पाहावी लागते.

मातीचे धरण म्हणजे केवळ मातीचा ढीग नव्हे. आत काळ्या चिकण मातीचा गाभा, त्यावर मुरमाचे आवरण, पाण्याच्या अंगास दगडांचे अस्तर आणि एका बगलेला जादा पाणी काढून देणारा सांडवा, अशी त्याची रचना असते. गाभ्यातील काळी माती ओली असताना पाणी अडविते; उन्हाळ्यात तळे कोरडे पडले की तिला भेगा पडण्याचा संभव असतो. बांधावर माजलेल्या वेड्या बाभळींची मुळे आत शिरतात आणि झाड वाळल्यावर त्या मुळांच्या जागी पोकळी उरते. घुशी आणि खेकडे बिळे करतात. मग एके दिवशी बांधाच्या पायथ्याशी पाणी दिसू लागते. पाझर स्वच्छ असेल तर त्यावर लक्ष ठेवावे. पण तो गढूळ झाला, तर बांधाची माती आतून वाहून चालली आहे असे समजावे आणि खालची वस्ती ताबडतोब हलवावी. हे ज्ञान कोणत्याही गुराख्याला पाच मिनिटांत शिकविता येईल. ते त्याला शिकविले जात नाही, एवढाच प्रश्न आहे.

सांडव्याची गोष्ट याहून गंभीर आहे. दगडी भिंतीवरून पाणी गेले तर ती पुष्कळदा तग धरते. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की त्याचे आयुष्य फार थोडे उरते. म्हणून सांडवा हे मातीच्या धरणाचे प्राणस्थान आहे. आणि आपल्याकडे नेमका त्याच्यावरच घाला पडतो. चार दिवसांचे पाणी अधिक साठावे या लोभाने सांडव्यावर वाळूची पोती रचली जातात. कोठे त्याच्या वाटेत शेत काढले जाते, कोठे त्याखालचा नाला बुजवून घर उठते. अमेरिकेतील जॉन्सटाउन या गावावर १८८९ मध्ये एक मातीचे धरण फुटून २,२०० हून अधिक माणसे मेली. तेथील तळ्याच्या मालकांनी मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या होत्या. तेथे माशांचा मोह होता, येथे पाण्याचा आहे. आमच्या शेतकऱ्याचा मोह अधिक क्षम्य आहे हे खरे. पण पुराला हा फरक कळत नाही.

महाराष्ट्राला हे धडे परक्यांकडून घेण्याची गरज नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, ते विमोचकाचे काम अपुरे असताना पाणी साठू दिल्यामुळे. पुण्याने त्या दिवशी काय भोगले हे सर्वांस ठाऊक आहे. पानशेत मोठे होते, म्हणून स्मरणात राहिले. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील लहान मातीचे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे झोपेच्या वेळी वाहून गेली. ते धरण गळत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. दुर्घटनेनंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखविले आणि राज्यभर त्याचे हसे झाले. आम्हांस त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. खेकडा बिळे करतो हे खोटे नाही. परंतु खेकड्याने बीळ केले, ते माणसाने का पाहिले नाही, हाच तर प्रश्न आहे.

केंद्राने २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा केला. त्यान्वये पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर धरणाची तपासणी बंधनकारक झाली. संकटकाळी काय करावयाचे याचा आराखडा तयार करण्यास पाच वर्षांची मुदत देण्यात आली आणि ती २०२६ च्या डिसेंबरअखेरची आहे. कायदा स्तुत्य आहे. परंतु तो पंधरा मीटरांहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरांमधील काही अटींत बसणाऱ्या धरणांना लागू आहे. ज्यांची उंची दहा मीटरांपर्यंत पोहोचत नाही, असे गावोगावचे तलाव त्याच्या कक्षेबाहेर राहतात. जो बांध लहान, त्याला कायदाही नाही, असा हा प्रकार झाला. वास्तविक एकाच नाल्यावर खालीवर असे दोन-तीन तलाव असले, तर वरचा फुटल्यावर खालच्याची काय गत होईल, हे सांगावयास अभियंता नको.

सोलापूरच्या उशाशी आदिला नदीवर हिप्परग्याचा एकरूख तलाव आहे. १८७१ साली पुरा झालेला हा मातीचा बांध दीडशे वर्षांनंतरही उभा आहे. माती कच्ची असते म्हणून मातीचे काम कच्चेच असते, हा समज त्याने खोटा पाडला आहे. बांधणारे हात आणि राखणारे डोळे दोन्ही असतील, तर माती दगडाइतकी टिकते. मात्र मोठ्या तलावाला त्याचे खाते असते. लहान तलावाचे काय? शंभर हेक्टरांपर्यंतचा तलाव जिल्हा परिषदेचा, त्याहून मोठा मृद व जलसंधारण विभागाचा, त्याहूनही मोठा जलसंपदा विभागाचा. कागदावर ही विभागणी स्पष्ट आहे. पण गळती दिसलेला गावकरी कागद पाहत नाही, तो माणूस शोधतो आणि तो त्याला सापडत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक लहान मातीच्या धरणासाठी एका अधिकाऱ्याचे आणि गावातील एका राखणदाराचे नाव मुक्रर करावे व ते बांधावर पाटी लावून लिहावे. ग्रामपंचायतीत नोंदवही ठेवून पाझर, भेगा आणि सांडवा यांची नोंद पावसाळ्यात दर आठवड्यास करावी. मे महिन्यापूर्वी झुडपे काढावीत, सांडवे मोकळे करावेत आणि त्यासाठी लागणारा पैसा नव्या कामांच्या आधी द्यावा. नव्या तलावाच्या भूमिपूजनास मंत्री येतात. जुन्या बांधाच्या दुरुस्तीस कोणी येत नाही, हे चित्र बदलले पाहिजे. गावकऱ्यांनीही सांडव्यावरची पोती आपल्या हाताने उचलावीत. ज्या नगरीत श्रीसिद्धरामेश्वरांनी श्रमाला धर्म मानून तळे उभारले, तिला याहून अधिक सांगणे नको.

तळे राखी तो पाणी चाखी, ही म्हण आपण आजवर लाचखोराला उद्देशून वापरीत आलो. तिचा सरळ अर्थ आपण विसरलो. पाणी चाखावयाचे असेल, तर तळे राखावेच लागते. आज चाखणारे सारे गाव आहे आणि राखणारा कोणी नाही. पुढचा पाऊस ही उणीव दाखवून देण्यापूर्वी आपणच ती भरून काढली पाहिजे.