मोर्चा उंबऱ्यापाशी का थांबतो?

दोस्तहो, आपण मनूला शिव्या घालतो, पाटलाला घालतो, शेठजीला घालतो. घालायलाच पाहिजेत. पण चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून घसा फुटेस्तोवर जयभीम ओरडलेला गडी रात्री घरी जाऊन बायकोच्या पाठीत लाथ घालतो, तेव्हा आपली शिवी कुठं जाते? तेव्हा आपण म्हणतो, घरचा मामला आहे. अरे, अत्याचार झाला की गावपण हेच म्हणतं. आमच्या गावचा मामला आहे, मुंबईच्या पोरांनी मधी पडू नये. मग आपल्यात आणि गावात फरक काय राहिला?

मी गोदीत कंत्राटावर ओझी उचलतो. शिक्षण दहावी. रात्री कविता लिहितो. मूळ गाव आटपाडी, जिल्हा सांगली, माणदेशातलं. आमच्या आटपाडीचं नाव निघालं की लोक शंकरराव खरातांचं नाव घेतात. तालुक्यातल्या करगणीत जन्मलेल्या अरुण कांबळ्यांचं घेतात, पँथरच्या संस्थापकांतला माणूस. घ्यावंच. पण अरुण कांबळ्यांच्या आईचं नाव आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

शांताबाई कांबळे. जन्म १९२३ चा, माणदेशातल्याच महूदचा. शिकल्या, शिक्षिका झाल्या. नवराही मास्तर. शिकलेला माणूस. आणि त्या शिकलेल्या माणसानं दुसरी बायको केली. शांताबाई माहेरी निघून आल्या. पुढं संसार परत जोडला गेला, त्या शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या, आणि १९८१ ला निवृत्त झाल्यावर सगळं लिहून काढलं. 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. दलित बाईचं पहिलं आत्मकथन म्हणून त्याचं नाव घेतात. सवतीचं दुःख तिनं चारचौघांत मांडलं, कुणाची भीड ठेवली नाही. २०२३ च्या जानेवारीत, शंभरीला टेकून, त्या गेल्या.

आता इकडं साताऱ्याकडं या. फलटणच्या बेबीताई कांबळे. 'जिणं आमुचं' वाचलं नसेल तर हा लेख इथंच ठेवा आणि आधी ते वाचा. महारवाड्यात सासुरवाशिणीच्या पायात लाकडाचा खोडा कसा घालायचे, संशयावरून नाक कसं कापायचे, ते त्यात आहे. वाचताना घास उतरत नाही. पण एक गोष्ट त्यात नाही. बेबीताईंचा स्वतःचा मार त्यात नाही! तो त्यांनी पुढं मुलाखतीत सांगितला, माया पंडितांनी विचारलं तेव्हा. नवरा संशय घ्यायचा, मारायचा. बाई फलटणला छोट्या दुकानात बसायची, पुड्या बांधायच्या रद्दीवरचं वाचायची, लिहायची, आणि लिहिलेलं लपवून ठेवायची. एकदोन दिवस नाही, वीस वर्षं! बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेली बाई ही. तिला कुणाची भीती होती? ब्राह्मणाची नाही, मराठ्याची नाही. घरातल्याच माणसांची.

माझा प्रश्न इथनं सुरू होतो. या बाया जगल्या कशावर?

आधी देवीवर जगल्या. आषाढात बायांच्या अंगात कशी यायची ते बेबीताईंनी लिहिलंय. आपण शहरातली पोरं त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळी होतो. अंधश्रद्धा आहेच. पण जरा त्या बाईच्या बाजूनं बघा. वर्षभर जो लाथा घालतो तोच नवरा अंगात आल्यावर तिच्या पायावर डोकं ठेवतो, आई चुकलं म्हणतो. अर्धा घटका का होईना, ती माणूस नाही तर देव असते. मग देवी उतरते आणि पुन्हा तीच चूल, तोच मार. देवीनं बाईला श्वास घेऊ दिला. सोडवलं नाही.

सोडवायचं बोलले ते बाबासाहेब. २० जुलै १९४२, नागपूर, महिला परिषद. हजारो बाया बसलेल्या, आणि बाबासाहेबांनी सांगितलं की लग्न करणाऱ्या मुलीनं नवऱ्याच्या बरोबरीनं उभं राहावं, मैत्रीण म्हणून राहावं, गुलाम म्हणून नको. पुढं १९५१ ला हिंदू कोड बिल रखडवलं तेव्हा मंत्रिपदावर लाथ मारली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू पिणार नाही हीपण आहे. ज्या घरात ही एक प्रतिज्ञा खरी पाळली, तिथली बाई निम्मा मार चुकवून गेली. माझ्या मते ती प्रतिज्ञा पुरुषांनी घेतली आणि बायांनी मोजली.

आता माझ्या चुलतीचं सांगतो. नाव लिहीत नाही, ती जिवंत आहे. आटपाडीतच असते, डाळिंबाच्या बागेत रोजानं जाते. चुलता प्यायचा आणि मारायचा. गाल सुजला की ती म्हणायची दारात पाय घसरला. दाराला काय एवढा राग होता तिचा, कुणी विचारलं नाही. एका वर्षावासात ती विहारात जायला लागली. रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन. तीन महिने. चुलता नाही म्हणू शकला नाही, बाबासाहेबांच्या ग्रंथाला नाही कोण म्हणणार? तिथं वाचन संपल्यावर बाया बसायच्या. आधी नुसत्या बसायच्या. मग एकीनं दंडावरचा वळ दाखवला, मग दुसरीनं. एक म्हातारी चुलतीला म्हणाली, "लेकी, त्यो मारतोय म्हून तू मरायची न्हाईस. उद्या हात उचलला तर हाळी दे." चुलतीनं हाळी दिली. सहासात बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, तो गप होईपर्यंत. असं तीनदा झालं. चौथ्यांदा हाळी द्यावी लागली नाही.

तिला धम्मानं बरं केलं असं ती म्हणते. मी तिच्याशी वाद घालत नाही. पण मला दिसतं ते असं, की धम्मानं तिला घराबाहेर पडायला एक कारण दिलं, बसायला जागा दिली आणि शेजारी बाया दिल्या. नुसतं डोळे मिटून बसली असती तर मिटल्या डोळ्यांवरच बुक्की बसली असती.

म्हणून आपल्यातले काही उपासक बाईला मैत्री, करुणा, क्षांती शिकवून परत त्याच घरात ढकलतात ना, त्यांचा मला संताप येतो. करुणा काय बाईनंच करायची? पंचशील तर दोघांनी म्हटलं होतं!

आणि कार्यकर्त्यांचं काय? १९८४ ला मल्लिका अमरशेखांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहिलं. आपल्या सगळ्यात मोठ्या कवीच्या, पँथरच्या नेत्याच्या घरातलं. दारू, मारहाण, सगळं. त्या कवीच्या ओळी मला पाठ आहेत, त्यांनी मला लिहायला लावलं, आणि तरी मी म्हणतो की ते पुस्तक आपल्या प्रत्येक शिबिरात वाचलं पाहिजे. चळवळीची बदनामी होते म्हणणाऱ्यांनो, बदनामी लिहिण्यानं होते का मारण्यानं?

कुणी म्हणेल, माणूस सुधारत नसतो. मग आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर बघून या. औंध संस्थानानं वसवलेली खुली कैद्यांची वसाहत. खून केलेली माणसंसुद्धा तिथं बायकापोरांसकट शेती करून राहतात. गदिमांनी त्यावरनं गोष्ट लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ ला 'दो आँखें बारह हाथ' काढला. मग आपल्या वस्तीतला नवरा सुधारणार नाही कशावरनं? फक्त एवढंच, की स्वतंत्रपूरच्या माणसावर गुन्हा शाबीत झालेला असतो. आपल्या नवऱ्यांचा गुन्हा आपण गुन्हाच मानत नाही. तिथनं सुरुवात करावी लागेल.

कायदा आहे. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. खोली नवऱ्याच्या नावावर असली तरी त्याला वाटलं म्हणून बाईला बाहेर काढता येत नाही. संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. आपल्या किती शाखांनी त्यांचा पत्ता फळ्यावर लिहिलाय? भाषणाची तारीख लिहिता, पुढाऱ्याचं नाव रंगीत खडूनं लिहिता, मग हेपण लिहा.

येत्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. बायकोवर हात टाकणारा स्टेजवर चढणार नाही, मग तो कितीही चांगला बोलो. बाईची तक्रार आली तर मिटवामिटवीला पंच बसणार नाहीत, तिला काय पाहिजे ते आधी तिला विचारायचं, आणि ती म्हणाली तर पोलीस ठाण्यात शाखेनं तिच्याबरोबर जायचं. आणि विहाराची किल्ली. ती आज अध्यक्षाच्या खिशात असते आणि रात्री नऊला कुलूप लागतं. मार तर नऊनंतरच पडतो. ती किल्ली वस्तीतल्या एका बाईकडं राहील, आणि रात्री कुणी पोरं काखेला मारून आली तर दार उघडायला तिला कुणाला विचारायला लागणार नाही. ज्यांना विरोध करायचाय त्यांनी बैठकीला यावं, तोंडावर बोलावं.