आगीपासून घासापर्यंत

पहिल्या पगाराच्या उत्साहात माझ्या पुतण्याने आम्हां उभयतांस पुण्यातील एका उंची पिझ्झागृहात जेवावयास नेण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा 'काका, तिथली भट्टी खास नेपल्सहून आणली आहे' एवढ्या एका वाक्यावर मी तो विनातक्रार मंजूर केला. आणि ज्या खोडीने माझ्या आयुष्यातील अनेक मेजवान्या आधीच नासवल्या आहेत, त्या खोडीस अनुसरून पुढचे आठ दिवस प्रस्तुत विषयाच्या अध्ययनात घालवले.

अध्ययनान्ती निष्पन्न झाले ते असे, की हा पदार्थ मुळात नेपल्सच्या गोरगरिबांचा. चार घड्या घालून, पैशाच्या पाकिटासारखा हातात धरून, रस्त्याने चालता चालता खाण्याचा. १९८४ साली तेथील कारागिरांनी संघ स्थापून अस्सल पिझ्झ्याची जी नियमावली मुक्रर केली, तीत कणकेत काय असावे इथपासून लाकडाच्या भट्टीचा ताव ४०० अंश सेल्सिअसच्या वर असावा आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघावा इथपर्यंत सारा तपशील आहे. २०१७ साली तर युनेस्कोने या कलेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. मला मात्र त्यातील एकच कलम विशेष भावले: पिझ्झा भट्टीतून निघताच, तेथल्या तेथे खावा. माझी आई कोणत्याही संघाची सभासद नव्हती. परंतु टम्म फुगलेली भाकरी चुलीवरून थेट ताटात टाकताना, माणसाने भाकरीची वाट पाहावी, भाकरीला पाहायला लावू नये, हा दंडक तिने जन्मभर पाळला.

अपेक्षांचे एवढे ओझे घेऊन आम्ही स्थानापन्न झालो. बडदास्त चोख होती. टोमॅटो व्हेसूव्हिअसच्या पायथ्याचे आणि चीज म्हशीच्या दुधाचे, अशी वंशावळ वाढप्याने अदबीने निवेदन केली, तेव्हा सौभाग्यवती माझ्या कानाशी पुटपुटल्या, "म्हशीच्याच ना? मग एवढं काय त्यात!"

दूरवर भट्टीतून आमचा पिझ्झा निघताना मी स्वतः पाहिला. कडा फुगून त्यांवर काळे ठिपके उमटले होते आणि चीज खदखदत होते. त्यानंतर तो संगमरवरी ओट्यावर ठेवला गेला. कोणी त्यावर तुळशीची विलायती पाने चिमट्याने, देवास वाहावीत तशी, एकेक करून वाहिली. मग लाकडी पाट आला, तेलाच्या कुपीचा परिचय झाला, आणि शेवटी छायाचित्रासाठी वाढप्याने तो दिव्याखाली तिरका धरला. नव्वद सेकंदांत सिद्ध झालेल्या त्या जिवास आमच्या पुढ्यात रुजू होईतो दहा मिनिटे लोटली. तोवर खदखदणारे चीज थिजून चिवट झाले होते, टोमॅटोचे पाणी मधल्या पातळ कणकेत मुरले होते, आणि उचललेल्या तुकड्याचे टोक ओल्या पंच्यासारखे खाली लोंबत होते.

"कसा आहे, काका?" पुतण्याने विचारले. पहिल्या पगाराच्या पैशास नाव ठेवण्याइतका मी निष्ठुर नाही. "उत्तम," म्हणालो, आणि कडेचा कुरकुरीत भाग तेवढा मनापासून खाल्ला.

निघतेवेळी सहज भट्टीकडे दृष्टी गेली. गर्दी ओसरली होती. कारागिराने उरलेला कणकेचा गोळा हातावरच पसरून आगीत सरकवला, क्षणभराने बाहेर ओढला, वर तेलाची धार आणि चिमूटभर मीठ टाकले, आणि बोटे भाजत, फुंकर घालत, त्याची चार पदरी घडी करून तो उभ्या उभ्याच खाऊ लागला. नियमावलीतील ते कलम त्या रात्री त्या एकट्याने अमलात आणले; बिलाची रक्कम मात्र आमच्या नावे जमा होती.