परिचर्या-व्यवसाय आणि मराठी तरुण पिढी

परीक्षेचे निकाल लागले, म्हणजे मॉरिशसमधील मराठी घराघरांतून एकच प्रश्न चर्चिला जातो: मुलाने अथवा मुलीने पुढे काय व्हावे? डॉक्टर, वकील, हिशेबनीस ही नावे मोठ्या अभिमानाने उच्चारली जातात. परिचारिका हा शब्द मात्र दबक्या आवाजात, जणू दुसरे काही जमले नाही तर, या भावनेने येतो. ही दृष्टी टाकून देण्याची वेळ आली आहे.

रुग्णसेवेचे मोल या समाजास इतरांनी शिकवावे, असे नाही. १८३४ पासून करारावर आलेल्या मजुरांच्या वाट्यास रोगराई भरपूर आली. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर रुग्णालयाच्या खोल्यांचे अवशेष आजही दिसतात. १८६६ ते १८६८ या काळात हिवतापाच्या साथीने बेटावर हजारो बळी घेतले. आज हिवतापाची जागा मधुमेहाने घेतली आहे. प्रौढांपैकी सुमारे पाचांत एकास तो जडलेला आहे. अशा देशात जखम बांधणारा, इन्सुलीनची मात्रा समजावून सांगणारा आणि रुग्णाशी त्याच्या क्रिओल बोलीत धीराचे दोन शब्द बोलणारा शिक्षित हात हा गौण कसा मानावा?

व्यवसाय चांगला आहे, एवढ्याने मात्र भागत नाही. कोणत्या मार्गाने त्यात शिरावे, हा खरा विचाराचा विषय आहे. आणि येथे इतिहास एक कठोर धडा देतो. १९४८ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा स्थापन झाली. तेथील रुग्णालयांस मनुष्यबळ हवे होते. १९६० व १९७० च्या दशकांत मॉरिशसमधील अनेक तरुण-तरुणी शिकण्यास तिकडे गेल्या. तेथे दोन वाटा होत्या. एक तीन वर्षांची, जिच्या अखेरीस ‘रजिस्टर्ड’ परिचारिका होता येई. दुसरी दोन वर्षांची, जिच्या अखेरीस ‘एनरोल्ड’ हा कनिष्ठ दर्जा मिळे. वसाहतींतून आलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांस या दुसऱ्याच वाटेवर घालण्यात आले. दोहोंतील भेद पुष्कळांस फार उशिरा कळला. कष्ट तेच, रात्रपाळ्या त्याच. परंतु बढतीचे दार बंद, आणि अनेक मायदेशांत त्या प्रमाणपत्रास पूर्ण मान्यता नाही. पुढे ते प्रशिक्षणच बंद झाले.

आजही परदेशातून बोलावणी येतात. कोणी ‘केअरर’ म्हणून बोलावतो, कोणी सहायक म्हणून. इंग्लंडमध्ये अलीकडे ‘नर्सिंग असोसिएट’ हा आणखी एक मधला दर्जा निर्माण झाला आहे. यांपैकी कोणतेही काम हलके नव्हे; मात्र ते पूर्ण परिचारिकेचे पद नव्हे, हे ठाऊक असूनच ते पत्करावे. यास्तव प्रत्येक विद्यार्थ्याने चार प्रश्न विचारावेत. शिक्षणाच्या शेवटी नाव कोणत्या नोंदपुस्तकात चढेल? त्या नोंदणीस मॉरिशसमध्ये मान्यता आहे काय? पुढील पदवी वा विशेष शिक्षणाचा मार्ग खुला राहील काय? आणि मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल? २०१९ पासून देशातील सार्वजनिक उच्च शिक्षण-संस्थांत पहिल्या पदवीचे शुल्क माफ झाले आहे. तेव्हा प्रथम येथेच पक्की पात्रता मिळवून मग समुद्र ओलांडणे पुष्कळांस अधिक हिताचे ठरेल.

प्रवेश मिळाल्यानंतरचा काळही सोपा नसतो. शरीररचनेची इंग्रजी पुस्तके, औषधाच्या मात्रांचे दशांश, पहिला मृत्यू पाहिल्यानंतरची रात्र, या सर्वांतून जावे लागते. बुद्धी असूनही काहीजण येथे खचतात, आणि याचे एक कारण घरातच असते. रात्रपाळी करून आलेल्या मुलीकडून दिवसा स्वयंपाक, पाहुणे आणि पूजेची तयारी यांची अपेक्षा केली जाते. तिच्या भावास मात्र परीक्षेच्या दिवसांत पाण्याचा पेलाही हातात मिळतो. हा पक्षपात थांबला पाहिजे. तसेच या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या मुलास हसण्याचेही कारण नाही. रुग्णालयास दोघांचीही गरज आहे.

मराठी मंडळींनाही येथे कर्तव्य आहे. वाक्वा असो की कास्काव्हेल, निवृत्त परिचारिका व परिचारक गावोगाव आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांनी विद्यार्थ्यांसमवेत बसावे, जुनी पुस्तके पुढे द्यावीत, परदेशी कागद वाचून दाखवावेत. उत्सवाच्या खर्चातील अल्पसा भागही त्यास पुरेल.

कोकणातून निघालेल्या पूर्वजांपैकी बहुतेकांनी स्वतःस वाचता न येणाऱ्या करारावर खूण केली. त्यांचा तो दोष नव्हता. त्यांच्या पतवंडांस वाचता येते. त्यांनी परिचर्येच्या पवित्र कार्यात अवश्य जावे, दूर देशीही जावे. मात्र सही करण्यापूर्वी कागदाची प्रत्येक ओळ वाचावी.