परमुलखातील पंगत

“तिकडे आपलं जेवण मिळतं का हो?” अमेरिकेस जाऊन आलेल्या माणसाला आपल्या वडोदऱ्यात विचारला जाणारा हा पहिला प्रश्न. हवापाणी, मुलाची नोकरी, घराचे हप्ते हे सारे त्यानंतर. गेल्या वर्षी मुलीकडे अडीच महिने राहून परतल्यावर मलाही तो किमान वीस घरांतून विचारला गेला. “मिळतं” हे उत्तर खोटे नव्हे. परंतु ते देताना माझी जीभ दर वेळी “आपलं” या शब्दापाशी अडखळत असे. त्या अडखळण्याविषयी या महिन्यात लिहावे म्हणते.

माझी मुलगी इलिनॉय राज्यातील अर्बाना-शॅम्पेन या जोडगावी असते. शिकागोच्या दक्षिणेस सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांवर हे विद्यापीठाचे गाव वसले आहे. चहूकडे नजर जाईल तिथवर मका आणि सोयाबीन. टेकडी म्हणून औषधालाही सापडायची नाही. विद्यापीठ १८६७ सालचे. त्याच्या आवारात, ऐन मध्यावर, १८७६ पासून प्रयोगासाठी पिकविला जाणारा मक्याचा एक तुकडा आहे. पुढे त्याच्या शेजारी ग्रंथालय बांधावयाचे ठरले, तेव्हा इमारतीची सावली पिकावर पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधले गेले. शेतावर सावली नको म्हणून पुस्तके पाताळात नेणाऱ्या गावाविषयी मला तत्काळ आदर वाटू लागला.

आपल्याकडील माणसांना हे गाव फार पूर्वीपासून ठाऊक आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी आपला मुलगा रथींद्रनाथ याला १९०६ साली शेतीशास्त्र शिकण्यासाठी येथेच धाडले होते. पुढे १९१२-१३ च्या हिवाळ्यात खुद्द रवींद्रनाथ येथे येऊन राहिले. मुलगा आणि सून प्रतिमादेवी बरोबर होत्या. नोबेल पारितोषिक मिळण्यापूर्वीचा तो हिवाळा. त्याच १९१३ साली आपल्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. या मंडळींनी तिकडे कोणते विचार केले, याचे ग्रंथच्या ग्रंथ आहेत. त्या थंडीत संध्याकाळी पुढ्यात काय वाढून येत असे, याची चौकशी करण्याची बुद्धी मात्र माझ्यासारखीलाच व्हावयाची!

तेव्हा विद्यार्थी मोजके होते. १९४६ च्या कायद्याने हिंदी माणसाला अमेरिकेत स्थायिक होण्याची वाट खुली झाली खरी, पण वर्षाला अवघ्या शंभर जणांपुरती. १९६५ साली ती मर्यादा उठली आणि डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक यांची रीघ लागली. आता तर २०२३-२४ या एका शैक्षणिक वर्षात तेथे शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली. चीनलाही आपण मागे टाकले. एवढी तरुण तोंडे जेथे जमतात, तेथे कोणीतरी चूल पेटविणारच.

अशी एक चूल मुलीच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होती. एका बाजूला कपडे धुण्याची यंत्रे असलेले दुकान, दुसऱ्या बाजूला सायकली दुरुस्त करणारा, आणि मधोमध हे उपाहारगृह. नाव मी देत नाही. अशी नावे पाच-सहाच असतात व ती आलटून पालटून साऱ्या अमेरिकेत लागलेली दिसतात. भिंतीवर ताजमहाल, गल्ल्यापाशी सुवर्णमंदिर, कोपऱ्यात बडीशेपेची वाटी. दुपारी बुफे, म्हणजे पंधरा डॉलर देऊन पोटाला झेपेल तितके खावे. संध्याकाळी यादीवरून मागवावे. वेटर आधी विचारतो, तिखट किती? माइल्ड, मीडियम की हॉट? आयुष्यात स्वयंपाकघरातून कोणी मला असा पर्याय दिल्याचे स्मरत नाही, त्यामुळे पहिल्यांदा मी नुसतीच त्याच्याकडे पाहत राहिले.

यादीत ऐंशीच्या वर पदार्थ. वाचकभगिनींना म्हणून आतली गोष्ट सांगते. मालकांशी ओळख वाढल्यावर त्यांनी मला मुदपाकखाना दाखविला, तेव्हा या ऐंशी पदार्थांचे मूळ चार पातेल्यांत निघाले. एकात परतलेल्या कांदा-टोमॅटोचा तांबडा रस्सा, दुसऱ्यात लोणी-टोमॅटोचा मखनी, तिसऱ्यात काजूचा पांढरा, चौथ्यात वाटलेला पालक. सकाळी ही चार पातेली उकळून ठेवावयाची. मग गिऱ्हाईक येईल तसे एखाद्यात पनीर, एखाद्यात कोंबडी, एखाद्यात कोफ्ते, आणि वरून सायीची धार. मला यात फसवणूक दिसली नाही. दोन माणसे शंभरांचे जेवण दहा मिनिटांत पुढे ठेवतात, ते असल्याच युक्तीने. पण पाचव्या दिवशी सगळे एकाच चवीचे का लागते, याचाही उलगडा झाला.

शिवाय ही चव पंजाबातील घरांचीही नव्हे. फाळणीनंतर पेशावराकडून दिल्लीस आलेल्या निर्वासितांनी दर्यागंजात ‘मोती महल’ काढले. तंदुरी कोंबडी, लोण्यातली कोंबडी, मलईदार काळी डाळ यांचा बोलबाला तेथून झाला. लोण्यातली कोंबडी नेमकी कोणाच्या आजोबांनी शोधली, यावरून २०२४ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयात दोन उपाहारगृहांच्या मालकांचा दावा उभा राहिला. अमेरिकेत “इंडियन फूड” म्हणून जे ओळखले जाते, त्याचा मोठा भाग असा घर सुटलेल्या माणसांनी पोटासाठी रचलेला आहे. अलीकडे तेलुगू मुले फार जाऊ लागल्याने हैदराबादी बिर्याणी व डोसा यांनी यादीत शिरकाव केला आहे. आचारी पुष्कळदा नेपाळी, म्हणून मोमोही आले. येथला आचारीही नेपाळीच होता.

मराठी पदार्थ मात्र एकही नव्हता. थालीपीठ नाही, भरली वांगी नाहीत, आमटी तर नाहीच. आपल्यातील काही मंडळी यावर हळहळतात. माझे मत थोडे परखड आहे. आपण तिकडे प्राध्यापक होण्यास गेलो, इंजिनिअर होण्यास गेलो. भट्टीपुढे चौदा तास उभे राहण्यास कोण गेले? उडुपीचे लोक गेले, पंजाबी गेले, आपले मेहसाणा जिल्ह्यातील पटेल गेले. त्यांतल्या दोघा भावांनी १९७४ साली शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर वाणसामानाचे एक दुकान काढले, त्याच्या शाखा आज देशभर आहेत, आणि आपल्या मुलांना गोडा मसाला मिळतो तो त्यांच्याच फळीवरून. चूल ज्याची, चव त्याची. त्यात रुसण्यासारखे काय आहे?

मालक जालंधरकडचे सरदारजी, साठी उलटलेले. पत्नी गल्ल्यावर. दोन्ही मुले शिकून दूरच्या शहरी गेली. हॉटेल पुढे कोण चालविणार, हा प्रश्न त्यांनी विचारणेच सोडून दिले होते. विद्यापीठाच्या गावातला धंदा म्हणजे पावसावरची शेती. सत्र चालू असले की खुर्ची रिकामी नसते. मे महिन्यात मुले गेली की ऑगस्टपर्यंत माशा माराव्यात. २०२० साली महामारीत विद्यापीठ ओस पडले, तेव्हा त्यांनी राहते घर गहाण टाकून भाडे भरले म्हणे. हे सांगताना त्यांचा स्वर जराही बदलला नाही.

बक्षिशीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण तिकडे आपल्या माणसांची अपकीर्ती होते ती याच बाबतीत. टिप ही तेथे मेहेरबानी नव्हे. वाढणाऱ्याला टिप मिळणार हे गृहीत धरून कायद्यानेच त्याचे वेतन कमी ठेवले आहे. केंद्र सरकारचा असा किमान दर तासाला २ डॉलर १३ सेंट, आणि तो १९९१ पासून हललेला नाही. इलिनॉयमध्ये स्थिती बरी; २०२५ पासून सर्वसाधारण किमान वेतन १५ डॉलर आणि टिप मिळविणाऱ्यांना ९ डॉलर. म्हणून बिलावर शेकडा अठरा-वीस ठेवावयाचे. मनात रुपयांचा गुणाकार करून दोन डॉलर सरकविणारे पाहुणे गेले की मागे वेटर काय म्हणत असेल, ते न ऐकलेलेच बरे.

आता त्या मुलाविषयी. त्याचे नाव व गाव सांगत नाही. वडोदऱ्याच्या आसपासचा, गुजराती घरातला, एवढे पुरे. रोज रात्री नऊ वाजता, हॉटेल बंद होण्याच्या सुमारास तो येई. सरदारजी बुफेतले उरलेले दोन डब्यांत भरून त्याच्या हाती देत. पैसे घेत नसत. मी त्याच्याशी गुजरातीत बोलले, तेव्हा त्याने डबे टेबलावर ठेवले आणि “मासी, तुम्ही बरोड्याच्या?” म्हणून समोरची खुर्ची ओढून बसला.

वडिलांनी शेत गहाण ठेवून त्याला एम. एस. करावयास पाठविले होते. पहिल्या सहामाहीतच हिशेब चुकला. परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असता आवाराच्या आत आठवड्याला वीस तास काम करता येते. बाहेर, परवानगीवाचून, मुळीच नाही. आतली कामे थोडी आणि मागणारे हजार. तो याच हॉटेलात काम मागावयास आला. सरदारजींनी हात जोडले. “बेटा, पकड़े गए तो वीज़ा तेरा जाएगा और दुकान मेरी. खाना खा ले, काम मत माँग.” तेव्हापासूनचे ते डबे.

पण डब्याने कर्जाचा हप्ता फिटत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत तो दूरच्या दुसऱ्या एका गावी गेला आणि तेथील एका हॉटेलात मागच्या दाराने भांडी घासू लागला. दहा आठवडे, दिवसाला अकरा तास, रोख पैसे, नोंद कुठेच नाही. सहा आठवड्यांचे मिळाले. उरलेल्या चारांचे मागितले, तेव्हा मालक हसून म्हणाला, “जा, पोलिसांत तक्रार कर.” तोही आपल्याच देशाचा होता. तक्रार करणे म्हणजे स्वतःचा गुन्हा लिहून देणे, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते. मुलगा बॅग उचलून परत आला.

“घरी काय सांगितलंस?” मी विचारले.

“ग्रंथालयात पुस्तकं लावतो म्हणून.”

सप्टेंबरात त्याला खरोखरच ग्रंथालयात काम मिळाले. सांगितलेले खोटे तीन महिन्यांनी खरे झाले. तरी मी परत येणार हे कळताच तो म्हणाला, “मासी, बाला भेटलात तर उन्हाळ्याचं काही बोलू नका.” मी शब्द दिला.

त्या रात्री बोलता बोलता मी त्याला सहज विचारले, “इकडे कशाची आठवण येते?” मला वाटले उंधियू म्हणेल, हांडवो म्हणेल. तो म्हणाला, “शेव-उसळ. आमच्या बरोड्याची. तिखट तरी ओतलेली.”

आमच्या! उसळ हा शब्द आपला, तरी हा शब्द आपला. अठराव्या शतकात गायकवाडांच्या फौजेमागून आपली घरे गुजरातेत आली आणि चुलीबरोबर हे शब्द आले. येथे उसळीत पांढरे वाटाणे शिरले, वर मूठभर शेव पडली, आणि आता ती चरोतरच्या मुलाला आपल्या आईच्या भाषेची वाटते. ती मराठी आहे हे मी त्याला सांगितले नाही. सांगून काय साधणार होते?

सरदारजी ऐकत होते. त्यांनी बिलाचा कागद उलटा करून माझ्यापुढे ठेवला : “लिखवाइए, बहनजी.” सफेद वाटाणा त्यांच्याकडे होताच. रात्री भिजत घाला, सोडा चिमूटभरच, शिजवून थोडा घोटा. तरी वेगळी करा, त्यात लसूण आणि लाल तिखट सढळ, वरून हिरव्या कांद्याची पात. “तेल कितना?” मी प्रमाण सांगितले तेव्हा ते हबकले, इतका तवंग पाहून गोरे गिऱ्हाईक उठून जाईल म्हणाले. बुफेत ठेवू नका, रात्री नऊनंतर वाढा, असे मी सुचविले. मंगळवारी त्यांनी ती केली. पाव गोड होता, शेव पाकिटातली, जाड. पाच मुले जेवली. पातेले नेपाळी आचाऱ्याने पुसून खाल्ले.

परत आल्यावर मी त्या मुलाच्या आईकडे गेले. हे सारे लिहिताना ओळख पटेल असे काही मी ठेवलेले नाही, आणि त्या घरी हे मासिकही जात नाही. त्यांनी तोच प्रश्न विचारला : “त्याला आपलं खायला मिळतं का, बेन?” मी उसळीची हकिगत सांगितली. त्या पुष्कळ हसल्या. मग चहाचे कप उचलता उचलता म्हणाल्या, “गेल्या उन्हाळ्यात फोनवर त्याचे हात दिसले होते. बोटांची साल गेलेली. पुस्तकं लावून हात असे होत नाहीत. आता बरे दिसतात.” मी काही बोलले नाही. “मला कळलंय, हे त्याला सांगू नका हं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनाही मी शब्द दिला.