कुलूपबंद फोनही बोलू शकतो

गेल्या उन्हाळ्यात दहिवडीजवळच्या वाडीवर माझी मावशी सकाळी अंगणातच कोसळली. शेजारणीने तिला गाडीत घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, "मधुमेह आहे का? गोळ्या कोणत्या चालू आहेत?" शेजारणीला काहीच ठाऊक नव्हते. मावशीचा थोरला मुलगा गलाईच्या धंद्यासाठी दक्षिणेत, धाकटा मुंबईत. दोघांचेही क्रमांक ज्या फोनमध्ये होते, तो शेजारणीच्या हातातच होता. पण त्याला कुलूप होते आणि ते उघडण्याचा आकडा एकट्या मावशीला माहीत! बोटातील रक्ताच्या थेंबावरून साखर उतरल्याचे कळले, उपचार झाले, मावशी सावरली. माझ्या मनातून मात्र तो कुलूपबंद फोन काही जाईना.

वाचकहो, फोनचे कुलूप न उघडताही ही माहिती दिसावी, अशी सोय बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' या सदरात वैद्यकीय माहिती आणि तातडीचे संपर्क भरता येतात. आयफोनमध्ये हीच सोय हेल्थ अ‍ॅपमधील 'मेडिकल आयडी'त आहे. रक्तगट, जुने आजार, नेहमीची औषधे, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते, आणि दोन जवळच्या माणसांचे क्रमांक एवढे पुरे. त्यांतला एक क्रमांक गावातलाच असावा. मुलगा कितीही मायेचा असला, तरी चेन्नईहून तो पाच मिनिटांत पोहोचत नाही. कुलूप असतानाही माहिती दिसावी, हा पर्याय चालू करण्यास विसरू नका. मग पडद्यावरील 'इमर्जन्सी'वर बोट ठेवून ती कोणालाही वाचता येते. एकदा शेजाऱ्यांकडून करवून पाहा. त्यांना ठाऊक नसेल, तर लिहिलेले व्यर्थ. औषध बदलले की तेथेही बदल करावा. जुनी यादी डॉक्टरांची दिशाभूल करील.

अनेक नव्या अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचे बटण लागोपाठ पाच वेळा दाबल्यास तातडीची मदत मागता येते. ही सोय आपल्या फोनमध्ये आहे का, ते मुला-नातवंडांकडून तपासून घ्या. सराव करताना चुकून ११२ ला फोन जाऊ नये, एवढे सांभाळा. रुग्णवाहिकेसाठीचा १०८ हा क्रमांक साध्या फोनवरूनही लागतो.

औषधाच्या पाकिटावरील बारीक अक्षरे हा ज्येष्ठांचा नित्याचा त्रास. चष्मा शोधत बसण्यापेक्षा पाकिटाचे छायाचित्र काढा आणि दोन बोटांनी पडदा ताणा. गोळीची मात्रा आणि मुदत स्पष्ट दिसते. तेच छायाचित्र मुलाला पाठवले की 'ती पांढरी गोळी, छोटी' असे वर्णन करण्याची वेळ येत नाही. टाइप करणे जमत नसेल, तर व्हॉट्सअ‍ॅपमधील माइकचे चिन्ह दाबून धरा, बोला आणि सोडा. डोंगरकपारीच्या वस्त्यांवर रेंज ये-जा करते. ती येताच निरोप आपोआप पुढे जातो.

निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही देता येतो. शेतात राबलेल्या हातांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, त्यांना हा मोठा आधार आहे. मात्र दाखल्याच्या नावाखाली कोणी ओटीपी मागितला, किंवा व्हिडिओवर 'अटक' केल्याची भीती घातली, तर फोन तत्काळ बंद करावा. अशी अटक कायद्यात नाहीच. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणे अवघड.

मावशीच्या फोनमध्ये ही माहिती भरायला आम्हाला दहा मिनिटे लागली. म्हसवडला सिद्धनाथाच्या रथासाठी मुले गावी येतील, तेव्हा हे काम त्यांच्याकडून करवून घ्या. मावशीने तर शेजारणीचाही फोन मागवून घेतला आणि तिची माहिती स्वतः बसून भरून दिली.