टेम्पोला टायर घेताना

कापडाचा तागा घेताना आम्ही व्यापारी तो उजेडात धरतो, रीड-पीक मोजतो. तोच माल वाहणाऱ्या टेम्पोला टायर घेताना मात्र फक्त भाव विचारतो. २०२४ च्या मे महिन्यात मालेगावहून भिवंडीला निघालेल्या आमच्या टेम्पोचा मागचा टायर इगतपुरीजवळ, कसारा घाट उतरण्याआधीच फुटला. ड्रायव्हर व क्लीनर बचावले, अल्लाहचा शुक्र. टायर दोन महिन्यांपूर्वी ‘नवा’ म्हणून घेतलेला, नक्षीही शाबूत. पण बाजूवर अंक होते २५१६, म्हणजे २०१६ सालचा पंचविसावा आठवडा! आठ वर्षांत रबर वाळून गेले होते. हे चार अंक वाचतो कोण?

मापापुढे १२१/१२० असे असेल तर एकटा टायर १४५० किलो पेलतो, जोडीतला १४००. आम्ही गाठी मोजतो, वजन नाही. शिवाय मागच्या जोडीत एक नवा, एक झिजलेला बसवण्याची आमची जुनी काटकसर. जास्त भार नव्यावर येतो आणि तोही लवकर जातो.

कापडातला ऐब लपवून विकणे आपण नाजायज मानतो. टायरची तारीख बिलावर लिहून मागितली तर काही दुकानदारांना राग येतो. येऊ द्यावा.